हात वर झाला का?

भाऊंना काहीही सांगा, अगदी "चहा आलाय" म्हणा, ते आधी हात वर करायचे आणि मगच वळून बघायचे. नवीन माणूस हसायचा. आम्हाला सवय झाली होती.

ही खोड निजामपुऱ्यातली. त्यांचे वडील दिघाशी गावाहून येऊन त्या वस्तीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. लूमच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून ज्याला सांगितलं त्याने हात वर करायचा. "हात वर न्हाय झाला तं सांगितलंच न्हाय असं समजायचं, बाय," भाऊ मला, त्यांच्या हाताखाली शिकणारीला, बजावायचे.

आमच्या गोदामासाठी त्यांनी सर्व्हर बांधला तोही याच रीतीने. पाच शेड, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर, आणि सहावा ऑफिसात भाऊंच्या टेबलावर. ट्रक आला, लिफ्ट अडकली, छताच्या सेन्सरला धूर लागला, की सर्व्हर तो निरोप पाचही शेडना पोचवायचा. समोरच्याने बटण दाबलं की भाऊंच्या पडद्यावर हिरवा हात उमटे. तोवर निरोप पुन्हा पुन्हा जायचा, कर्कश घंटी वाजवत.

दिवाळीच्या गर्दीत शेडवाले त्या घंटीला विटले. साहेब मला म्हणाले, "भाऊ ऐकणार नाहीत. तूच काहीतरी कर." मी केलं. दोन ओळी बदलल्या. आता निरोप निघाला की सर्व्हर स्वतःच सगळ्यांचे हात वर करी आणि घंटी एकदाच वाजून गप्प होई.

भाऊ दोन दिवस पडद्याकडे टक लावून बसले. "पाची हात एका दमात कसे वर व्हतात गं? मानसं एवडी शिस्तीची कधीपास्नं झाली?"

सांगावंसं वाटलं, पण त्यांच्या रागाला मी भ्यायले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चार नंबर शेडच्या सेन्सरकडून धुराचा निरोप आला. पाचही हात तत्क्षणी वर. मी तोंड उघडेपर्यंत भाऊ उठले होते. "मला न्हाय पटत," एवढंच म्हणाले आणि धावत सुटले.

पॅकिंगच्या मशीनच्या आवाजात एकदाच वाजलेली घंटी आतल्या बायकांना ऐकूच गेली नव्हती. भाऊंनी एकेकीला दंड धरून बाहेर काढलं. मग माळ्यावर कोणी राहिलंय का, ते बघायला ते पुन्हा आत गेले. परत आले नाहीत.

मी केलेलं मी साहेबांसमोर, पोलिसांसमोर, भाऊंच्या घरी वहिनींसमोर कबूल केलं. ज्यांना सांगायचं होतं, त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

त्या दोन ओळी मी पूर्ववत केल्या. भाऊंचा कॉम्प्युटर मात्र यादीतून काढलेला नाही. रोज सकाळी सर्व्हर सगळ्यांना पहिला निरोप पाठवतो. पाच हात वर होतात, पुढेमागे, माणसांचे. सहाव्यासाठी त्यांच्या टेबलावरची घंटी दिवसभर वाजत राहते. मी ती बंद करत नाही.