एकशे ब्याऐंशी दिवसांचं घर

माझे मामा लिफ्ट मेकॅनिक. बावीस वर्षं परदेशात दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट त्यांनी चालत्या ठेवल्या आणि स्वतः मात्र घर घेतलं तळमजल्यावर. "लिफ्टच्या भरवशावर कोण राहील?" असं ते म्हणायचे. त्यावर मामी म्हणायची, "ऐका! हा माणूस स्वतःच्या कामाची काय किंमत करतो ते बघा." दोन खोल्या, अरुंद स्वयंपाकघर, आणि घर दोघांच्या नावावर निम्मं निम्मं. मूलबाळ नव्हतं.

मामा निवृत्त झाले तेव्हा दोघांना तिकडेच राहायचं होतं. मामीचे गुडघे तिकडच्या दवाखान्याला सरावले होते आणि मामा मामीला सरावले होते. तेवढ्यात मी मध्ये पडलो. मी एका कर सल्लागाराकडे कारकून आहे. अर्धवट ज्ञान आणि पुरेपूर आत्मविश्वास हे आमच्या धंद्याचं भांडवल. मामांना इकडे वडिलांच्या दुकानाचं भाडं यायचं. तिकडचा कायदा असा, की वर्षात एकशे त्र्याऐंशी दिवस तिथे काढले की तुम्ही तिथले रहिवासी, मग इकडच्या भाड्यावरही तिकडे कर. मी म्हटलं, "मामा, एकशे ब्याऐंशी दिवस तिकडे राहा, बाकीचे इकडे काढा. कटकटच नको." मामांनी माझी पाठ थोपटली. घरात एक तरी शहाणा निघाला म्हणाले.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तेव्हा कोणी म्हणालं नाही.

अकरा वर्षं मामा असे राहिले. इकडे त्यांनी एक खोली घेतली होती. लोखंडी खाट, एक खुर्ची, एक कप, आणि खाटेखाली हत्यारांची पिशवी. दुसरा कप का नाही, असं मी एकदा विचारलं. "तू येतोस तेव्हा चहा तुला, मी पाणी पितो ना," म्हणाले. मी जायचो महिन्यातून एकदा, तेही पावत्या घ्यायला. खोटं कशाला बोलू? इमारतीतली लिफ्ट चालू असली तरी ते जिन्यात उभे राहून तिचा आवाज ऐकत राहायचे. दुसरं बोलणारं होतं कोण?

दर वर्षी तिकडे पोचले की ते स्वतःची किल्ली खिशात ठेवून बेल वाजवायचे. मामी दार उघडायची आणि विचारायची, "आलात? किती दिवस?"

"एकशे ब्याऐंशी."

"या मग. आधी नळ बघा."

नळाची तक्रार आधीच लिहून ठेवलेली असायची. लिफ्टच्या मशीनखोलीत एक कार्ड टांगलेलं असतं: तारीख, तक्रार, काय केलं, सही. तसंच एक कार्ड मामांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. भरलं की त्यावर दुसरं. मामा नसताना मामी तक्रारी लिहायची, आले की मामा एकेक निस्तरून 'केलं' लिहायचे, तारीख घालून सही ठोकायचे. 'खिडकी अडकते.' केलं. 'दिवा मिणमिणतो.' केलं. एका जागी मामीने लिहिलं होतं, 'मेकॅनिक जागेवर सापडत नाही.' त्यापुढे मामांनी नुसती सही केली होती.

एका वर्षी मामांची निघायची वेळ आली आणि मामीला सणकून ताप भरला. मामांनी मला फोन केला. "अरे, दोन दिवस जास्त राहिलो तर?"

मी म्हटलं, "मामा, रेषा ओलांडली की ओलांडली. दोन दिवस काय नि दोनशे काय."

ते आले निघून. मामी बरी झाली, आणि हे वाक्य मी विसरूनही गेलो. मामा विसरले नसावेत, पण त्यांनी ते कधी काढलं नाही.

गेल्या वर्षी मामा इकडे येऊन सत्तर दिवस झाले होते, तेव्हा मामी झोपेतच गेली. मामा पोचले ते दुसऱ्या दिवशी. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला फोनवर सांगितलं, "आता मी दिवस मोजणार नाही. हिच्या घरातच राहणार, शेवटपर्यंत." जन्मात एवढी एकच गोष्ट त्यांनी माझा सल्ला न घेता ठरवली.

महिन्याभरात तिकडच्या कर कचेरीचं पत्र आलं. मामीचा निम्मा हिस्सा मामांकडे येणार होता. नवरा-बायको त्याच घरात कायम राहत असतील, तर मागे राहिलेल्याला वारसा कर माफ. नाहीतर कर इतका, की तो भरायला घरच विकावं लागेल. थोडक्यात, मामांना सिद्ध करायचं होतं की ते त्या घरात राहत होते. आणि ते राहत नव्हते, हे मी अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून सिद्ध केलं होतं. अकरा फॉर्म, अक्षर माझं, सही त्यांची.

मी विमान पकडलं. तिकडच्या एक मराठी वकीलबाई म्हणाल्या, संसाराचा काहीतरी पुरावा आणा. विजेचं बिल मामीच्या नावावर, दवाखान्याचे कागद मामीचे. मग मला कपाटातली कार्डं आठवली. नवरा घरातला नळ दुरुस्त करतो, याहून संसार वेगळा काय असतो? सगळी कार्डं सोडवून मी उड्या मारत कचेरीत नेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने वकीलबाईंकडून तक्रारी वाचून घेतल्या, एकदा हसलादेखील. मग मामांच्या सह्यांपुढच्या तारखा तो माझ्या फॉर्मशी ताडत गेला. एकही चुकली नाही. निम्मं वर्ष सह्या, निम्मं वर्ष नुसत्या तक्रारी. त्याने कार्डं खाली ठेवली आणि मामांकडे बघून काहीतरी विचारलं.

"तुम्ही त्या घरात राहत होतात का, असं विचारताहेत," वकीलबाई म्हणाल्या.

मी टेबलाखालून मामांचा गुडघा दाबला. "मामा, हो म्हणा."

मामा कार्डांकडे बघत होते. "नाही," ते म्हणाले. "ती राहत होती. मी दुरुस्तीला यायचो."

घर विकावं लागलं. रिकामं करायला मी पुन्हा गेलो. सामान गेल्यावर स्वयंपाकघर आणखीच अरुंद वाटत होतं. मामांनी कचेरीतून परत आलेलं शेवटचं कार्ड कपाटाच्या दाराला पुन्हा चिकटवलं होतं. मामीच्या अक्षरातली शेवटची तक्रार तशीच होती: 'बेल वाजत नाही. आल्यावर बघा.'

"घर घेणारा नवी बसवेल, मामा," मी म्हटलं.

खुर्चीही उरली नव्हती. पालथ्या बादलीवर चढून मामांनी बेल उघडली, तार खरवडली, स्क्रू घट्ट केले. तास गेला. मग मला म्हणाले, "बाहेर जा आणि दाब."

मी बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल दाबली. खणखणीत वाजली. दार उघडायला मामांनी बराच वेळ लावला. उघडलं तेव्हा त्यांचा एक हात कडीवर होता, आणि ते माझ्याकडे परक्यासारखे बघत होते.

"आलात?" ते म्हणाले. "किती दिवस?"

उत्तर मला पाठ होतं. अकरा वर्षं मीच ते लिहीत आलो होतो. मी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मग मामा आत वळले, कपाट उघडून कार्डावर तारीख घातली, 'केलं' लिहिलं आणि सही केली.