पाठक सरांचे चौकोन

शिक्षकखोलीत किस्से खडूच्या भुकटीसारखे साचतात. झाडून टाकण्याचे कष्ट कोणी घेत नाही. शहराच्या छावणी भागातल्या आमच्या शाळेचे बहुतेक किस्से मात्र एकाच भिंतीवर साचले.

चित्रकलेच्या पाठक सरांनी व्हरांड्याच्या टोकाच्या भिंतीवर एकात एक असे काळे-पांढरे चौकोन रंगवले होते. पाहता पाहता भिंत खोल आत जाई. आणखी पाहिले, की तीच अंगावर येई. ती दुष्काळाची वर्षे. शहर वाढत होते, वर्ग ओसंडत होते. नळ तेवढे कोरडे होते.

*

गणिताचे सर म्हणत, तो ओटा आहे. मी खड्डा म्हणत असे. वाद इतका रंगे, की मधली सुट्टी संपल्याची घंटा कोणाला ऐकू येत नसे.

शेवटी आम्ही पाठक सरांनाच विचारले. ते हातावरचा रंग पुसत म्हणाले, "टँकर आला की ओटा. नाही आला की खड्डा."

*

आमच्या शिपाई कौसाबाई त्या भिंतीशी कळशी ठेवत नसत. भिंत सपाट आहे, हात लावून पाहा, असे मी त्यांना समजावले. त्यांनी हात लावून पाहिला.

"व्हय बाई, सपाटच हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कळशी उचलून समोरच्या भिंतीशी ठेवली. "पर पाणी लई लांबून आणलंय."

*

तपासणीला आलेल्या साहेबांनी चित्रासमोर दोनदा चष्मा पुसला. मग खांब धरला. या चित्रामुळे विद्यार्थी विचलित होतात, असे त्यांनी जाताना बजावले.

व्हरांड्यात त्या वेळी एकही विद्यार्थी नव्हता!

*

साहेबांचा शब्द मानून संस्थेचे अध्यक्ष अण्णा यांनी भिंत पांढरी करण्याचे ठरवले. पाठक सर निवृत्तीला आले होते आणि शाळेत त्यांचे म्हणावे असे तेवढेच होते. "मी जाईपर्यंत तरी राहू द्या," असे ते एकदाच म्हणाले. अण्णांनी रंगाऱ्याला दिवस नेमून दिला.

ठरल्या दिवशी रंगारी चुन्याची बादली घेऊन आला. अण्णाही आले. लासूरकडचे शेतकरी घराणे त्यांचे. मळ्यातली विहीर त्याच उन्हाळ्यात आटलेली. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग वाकून त्यांनी एक खडा उचलला आणि मधल्या काळ्या चौकोनात अलगद टाकला.

खडा त्यांच्याच चपलेशी येऊन पडला. अण्णा मात्र मान कलती करून ऐकत राहिले. पाठक सर ऐकत राहिले. आम्हीही.

"बादली उचल," अण्णा रंगाऱ्याला हळूच म्हणाले. "आवाज नाय आला अजून."