मोटारसायकलचा पाट

काल नातीनं आमची जुनी मोटारसायकल पुन्हा रंगवायला काढली आणि तिचा लाकडी पाट सोडवून माझ्या हातात दिला. त्याला अजून ग्रीसचा वास होता. आम्ही खालापूरला राहायचो, हे कर्जतच्या भातगिरणीत फिटर, आणि मला नर्सची नोकरी लागली ती पार कळंबच्या दवाखान्यात. एस.टी.नं वेळेवर पोचणं जमेना, नोकरी सुटायची वेळ आली, तेव्हा ह्यांनी लष्कराच्या लिलावातली एक अगडबंब, गंजकी मोटारसायकल आणली. तीन महिने अंगणात रॉकेलचा वास आणि हातोडीचे ठोके. शेवटी इंजिन धडधडलं, टाकी निळी झाली, मागं माझ्यासाठी सीट बसली. ती पारखायला हे गिरणीतून माझ्या वजनाचं भाताचं पोतं बांधून घरापर्यंत आले. "जरापण हललं नाय गं!" म्हणाले. मी साडी सावरून एका बाजूनं बसले, तर पाय नुसते लोंबकळायला लागले, अंग घसरायला लागलं. मी ओरडले, "अवो, पोत्याला पाय नसतात, मला हायेत!" हे माझ्या पायांकडे बघतच राहिले. मग आत जाऊन स्वतःचा जेवायचा पाट घेऊन आले, त्याला दोन भोकं पाडली आणि पाय टेकायला डाव्या बाजूला बोल्टनं आवळला. त्यावर पाय ठेवून मी सगळी नोकरी केली. हे मात्र तेव्हापासून नुसत्या जमिनीवरच बसून जेवतात. काल मी तो पाट पुसून ह्यांच्या ताटापुढं मांडला. गुडघे धरून हे बसायला वाकले, थांबले, म्हणाले, "आन् तू पाय कुठं ठेवशील?"