जयपुरात समुद्र कुठाय?

जयपुरात सर्फबोर्ड बनवायला घेतले की किस्से शोधावे लागत नाहीत. लाकडाच्या भुशासारखे साचतात. आज झाडले तरी उद्या तेवढेच!

मालवीय नगरमधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर मी आणि देवेश, माझा कॉलेजपासूनचा मित्र, हा उद्योग करतो. आत फोमच्या फासळ्या, वर पातळ लाकूड, पोटात हवा. एका हाताने उचलावा इतका हलका. बाबा मूळचे देवगडचे, नोकरी बँकेत. त्यांचं रोजचं वाक्य, "बदलीची ऑर्डर आली, की तुमचा टाइम खतम."

येणारा प्रत्येक जण विचारायचा, समंदर कहाँ है? शेवटी देवेशने दारावर पाटीच लावली : "समंदर हमारे यहाँ नहीं मिलता. बाकी पूछिए."

*

एकदा पॉलिशसाठी बोर्ड चारदीवारीत, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरात नेला, पांढऱ्या चादरीत गुंडाळून. गल्लीत ई-रिक्षा अडकली, म्हणून दोघांनी खांद्यावर घेतला. दुकानदार उठून उभे राहिले, हात जोडले. एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "कौन था, बेटा?"

देवेश म्हणाला, "अभी-अभी पैदा हुआ है, बाबूजी."

*

बदली आली. नागपूर. बाबा म्हणाले, सामान बांध, तिथे नोकरी बघ. मी म्हटलं, आधी बोर्ड पाण्यात बघा, मग बोला.

"मला बुडवलं नाहीत, तर राहा इथेच."

*

आधी आम्हीच दोघं स्विमिंग पूलवर चाचणीला गेलो. मॅनेजर म्हणाला, पाण्यात जो उतरेल त्याला टोपी लागेल. आम्ही बोर्डच्या टोकाला टोपी घातली. नियम म्हणजे नियम.

*

पण बोर्डला एक भोक असतं. उन्हात आतली हवा फुगून लाकूड तडकू नये म्हणून त्याचं बूच आम्ही गच्चीवर कायम काढून ठेवायचो. पाण्यात जाताना ते लावायचं असतं, हे जयपुरात कुणाला आठवणार? बोर्ड पोटभर पाणी प्यायला. ओढून काढताना मॅनेजरने विचारलं, "ये तैरने के लिए ही है ना?"

देवेश म्हणाला, "प्यासा था. राजस्थान का है."

*

बोर्ड वाळवला. रविवारी बाबा आले, टोपी घालून. आधी बूच अंगठ्याने दाबून पाहिलं, मग पालथे झोपले आणि हातांनी पाणी मागे सारत निघाले. पलीकडची भिंत, परत, पुन्हा पलीकडे. आमच्याकडे बघेनातच. मॅनेजरने शिट्टी मारली, "अंकलजी, टाइम खतम."

बाबांनी मान वळवली नाही.

"मेरा होगा. इनका नहीं."