कोरडी घोंगडी

त्याला रानटी म्हणणाऱ्यांची मला अजून चीड येते.

तोरणमाळच्या घाटात आमचं मोजणीचं सामान वाहणारा तो पावरा जमातीचा गडी पौषातल्या थंडीतही पायथ्याशी थांबायचा. सदरा, बंडी काढून घोंगडीत बांधायचा आणि नुसत्या लंगोटीवर चढायला लागायचा. विचारलं की मोडक्या अहिराणीत एवढंच म्हणायचा, "घाम येस. वर कोरडं लागस." माथ्यावर पोचला की अंग पुसून एकेक कपडा सावकाश चढवायचा, लग्नाला निघाल्यासारखा.

आमचे कारकूनसाहेब मात्र बनियन, सदरा, लोकरी कोट, गळपट्टा असं सगळं अंगावर घालून घाट चढले. वर वारा सुटला आणि घामानं भिजलेले कपडे गारठले. दात वाजायला लागले, तेव्हा त्याच 'रानट्या'च्या अंगावरची घोंगडी त्यांनी ओढून घेतली. तो शेकोटीजवळ सरकला. मी मोजणीचं सामान आवरत राहिलो.

आठ दिवसांनी शहाद्याच्या कचेरीत कारकूनसाहेब सगळ्यांना सांगत होते, "या लोकेस्ले थंडी वाजतच नही."

घोंगडी तेव्हाही त्यांच्याच अंगावर होती.