मराठीतले पंचावन्न

आमच्या कंपनीत एक शेल स्क्रिप्ट आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा घरी बोललो तेव्हा बायकोला ती नाटकाची वाटली आणि तिनं विचारलं, "तुम्हाला त्यात काम काय?" प्रश्न चुकीचा होता, पण त्याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. आमची कंपनी बियाण्यांची. ऑफिस नवीन जालन्यात, प्लांट एमआयडीसीत. प्लांटच्या प्रयोगशाळेत प्रत्येक लॉटमधले दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात आणि शंभरातले किती उगवले ते मोजतात. सोयाबीनचे सत्तर तरी उगवायला हवेत. प्रयोगशाळेतल्या बाई तो आकडा फाइलमध्ये भरतात, आणि मग आमची स्क्रिप्ट ती फाइल वाचते. सत्तरपेक्षा कमी असेल तर लॉट बाजूला ठेव, नसेल तर लेबल छापायला पाठव. एवढंच काम. ते लेबल पिशवीवर शिवलं की पिशवी शेतकऱ्याची.

ही स्क्रिप्ट लिहिणारा माझ्या आधीचा गृहस्थ पुण्याला गेला. जाताना त्यानं सगळ्यांना पेढे वाटले, स्क्रिप्टची माहिती मात्र कुणालाच वाटली नाही. तिच्या शेवटच्या ओळीत एकच हुकूम होता: पडद्यावर 'बराबर' असं लिही. काय बराबर, कशावरून बराबर, ते कुठंच नव्हतं. फाइल रिकामी असो, प्रिंटर बंद असो, शेवटी 'बराबर' उमटायचं. फोनवर समोरच्याचं काही ऐकू येत नसलं की आपण "बराबर, बराबर" म्हणत राहतो, त्यातला प्रकार. आणि वाटेत काही चुकलंच, तर ती तक्रार कॉम्प्युटरमधल्या अशा एका जागी पाठवायची सोय या गृहस्थानं केली होती, की जिथं गेलेलं पुन्हा दिसत नाही. नोकरीत सुखी राहण्याची एवढी संपूर्ण व्यवस्था मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

सगळं ऑफिस त्या एका शब्दावर चालायचं. दुपारी कुणीतरी दारातून मान आत घालून विचारायचं, "झालं का बराबर?" मी म्हणायचो, "झालं." कॉम्प्युटर जे न पाहता म्हणायचा ते मीही न पाहता म्हणायचो. फरक एवढाच की मला त्याचा पगार होता.

मग पन्नाशीत मला व्हिडिओ पाहून शिकायची हुक्की आली. अशा वयात शिकलेल्या माणसाला एक माज चढतो, तो मलाही चढला. मी स्क्रिप्टच्या चाचण्या लिहायला घेतल्या. म्हणजे स्क्रिप्टचा एकेक तुकडा सुटा करायचा, त्याला मुद्दाम बनवलेला आकडा द्यायचा आणि उत्तर काय यायला हवं ते आधीच ठरवून ठेवायचं. पंचावन्न दिले तर 'नापास' आलं पाहिजे, ब्याऐंशी दिले तर 'पास'. खरा प्रिंटर मध्ये आणायचा नाही. त्याच्या नावाचा एक खोटा प्रिंटर उभा करायचा, तो नुसता "छापलं" म्हणतो.

साहेब मागं येऊन उभे राहिले.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"स्क्रिप्टची टेस्ट लिहितोय, साहेब."

"बिघडली का?"

"नाही."

"मंग कशाला खाजवता?"

मी म्हणालो, आपण बी तपासल्याशिवाय पिशवीत भरत नाही, तसंच हे. साहेबांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "बी जिवंत असतं. ही मशीन हाये. मशीन चुकत न्हाई, मशीनसमोर बसणारा चुकतो." आणि त्यांनी माझ्या खुर्चीकडं पाहिलं. बाहेर जाऊन त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं असणार, कारण दुपारपासून माझ्या कामाला 'खोटी पेरणी' असं नाव पडलं. "पाऊस पडला का तुमच्या खोट्या वावरात?" असं मला लोक चहाच्या टपरीवर विचारू लागले.

त्याच सुमारास साहेबांना मराठीचा पुळका आला. कुठल्याशा सत्कारात ते मराठीवर बोलून आले, टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला की सोमवारपासून सगळं मराठीत. माझ्या खोलीला 'संगणक कक्ष' अशी पाटी लागली. खोलीत निम्म्या जागेत मोडक्या खुर्च्या होत्या, त्या मात्र बिनापाटीच्या राहिल्या. प्रयोगशाळेतल्या बाईंच्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग घालून दिलं ते मीच. मनात आलं, भाषेची एवढी सेवा आपल्या हातून घडली.

आता आमच्या कंपनीतली एक रीत सांगायला हवी. हंगामात डीलरांच्या गाड्या भरायच्या आधी स्टाफच्या घरच्यांना पिशव्या मिळतात. नवा माल, पहिला माल, वशिल्याचा माल. माझी धाकटी बहीण वाटूरला दिलेली आहे. दाजी दरवर्षी ह्या वशिल्याची वाट पाहतात, आणि गावात सांगतात की कंपनी आधी मला विचारते, मग बाजारात उतरते. त्या आठवड्यातही गुरुवारी त्यांनी सोयाबीनच्या पिशव्या नेल्या.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसच्या वेळात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करत होतो. 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत आलो आणि साहेबांची चाहूल लागली. झटकन पत्रिका झाकून चाचणीची फाइल पुढं ओढली आणि काहीतरी करतोय असं दाखवायला एका खोट्या लॉटपुढं पंचावन्न टाइप केले. कीबोर्ड मराठीतच राहिला होता. ५५. चाचणी चालवली. नापास यायला हवं होतं. आलं, पास.

आधी मला हसू आलं. मग एक-दोन मराठी आकडे आणखी घालून पाहिले. १२, पास. ०, पास. एकही दाणा न उगवलेला लॉट आमच्या कंपनीत मराठीतून उत्तीर्ण होत होता.

कारण साधं होतं. स्क्रिप्टला इंग्रजी आकडेच कळत. गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवावं की अमक्याला तेवढा अडव, बाकी सगळे आत. आणि त्या अमक्याच्या नावाची चिठ्ठी त्याला वाचताच येऊ नये, तसं झालेलं. वॉचमन कुरकुरला असेल, पण कुरकुर कुठं जायची ते मी वर सांगितलंच आहे. मग मी खरी फाइल उघडली. बाईंनी हुकुमाप्रमाणे सोमवारपासून सगळे आकडे मराठीत भरले होते. बहुतेक लॉट चांगले होते. एक होता ४८. त्याचं लेबल छापलं होतं, शिवलं होतं, आणि गुरुवारी तोच वाटला होता.

मी साहेबांकडं गेलो.

"साहेब, एक लॉट फेल आहे आणि त्यावर पासचं लेबल लागलंय."

"कॉम्प्युटर काय म्हणला?"

"बराबर म्हणला."

"मंग?"

"तो कायमच तसं म्हणतो, साहेब. त्याला मराठी आकडे वाचता येत नाहीत."

साहेब दुखावले. "म्हणजे मराठीला कमी समजून राह्यलात तुमी."

"मी नाही. स्क्रिप्ट."

"हे पाहा, दुपारी डीलरच्या गाड्या भरायच्या हायेत. ह्या खोट्या पेरणीसाठी मी खऱ्या गाड्या थांबवू का?"

त्यांना मी उगवण, शेतकरी, कंपनीचं नाव असं बरंच काही सांगितलं. ते नखं पाहत होते. शेवटी मी म्हणालो, "काल तुमच्या मेव्हण्यांची गाडी भरली ना, ती याच लॉटची."

साहेबांच्या चेहऱ्यावर एकदम विज्ञान उजाडलं. त्यांनी फोन उचलला आणि गाड्या थांबवल्या. कंपनीवर मालकी कुणाचीही असो, तिचा कारभार बायकोच्या भावाच्या धाकानं चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि त्यांना हसायचं मला काही कारण नव्हतं. मीही वाटूरचा फोन लावतच होतो.

दाजींचा फोन लागेना. बहिणीनं उचलला.

"दादा, ते वावरात गेल्ते मघाच. ट्रॅक्टर आला पेरणीचा."

"पेरणी थांबव."

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं. बी खराब आहे."

"तूच दिल्तं ना?"

"हो."

पुढं तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू आला. मग ट्रॅक्टरचा. मग दाजी.

"बोला, पाव्हणं."

"दाजी, ते बी पेरू नका. निम्मंसुद्धा उगवायचं नाही."

"लेबलवर तर पास हाये."

"लेबल चुकीचं छापलं गेलंय."

"कुणी छापलं?"

"आम्हीच."

"काल तुमी पास म्हणले, आज नापास म्हणून राह्यले. मंग आजचं खरं कशावरून?"

एवढा नेमका प्रश्न आमच्या ऑफिसात कुणी कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, "आज तपासलंय."

"आन् काल?"

"काल नुसतं छापलं."

फोनवर दाजींच्या मागं बहीण ट्रॅक्टरवाल्याला चहा घे म्हणत होती. दाजी म्हणाले, "पेरणीजोगा वाफसा आज हाये, उद्या न्हाई. ट्रॅक्टर आज हाये, उद्या मंठ्याला चालला. दिवस मावळायच्या आत दुसरं बी बांधावर आलं तर आलं. न्हाई तर हेच पेरतो. येईल तेवढं येईल."

मी स्क्रिप्ट उघडली. जो आकडा वाचता येत नाही तो लॉट अडवून ठेव, असा हुकूम घातला. मग चाचण्या: मराठी आकडा, रिकामी जागा, आकड्याच्या जागी अक्षर, बरोब्बर सत्तर. सगळ्या पास झाल्या, एक सोडून. तिच्यापायी सगळी स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली. शेवटी दिसलं की मी चाचणीत 'नापास' हा शब्द तोडून 'ना पास' असा लिहिला होता. मराठीच्या सेवेत मीही मागं नव्हतो.

मग बाईंची फाइल इंग्रजी आकड्यांत करून चालवली. त्यातला चांगल्यातला चांगला लॉट निवडला आणि बाईंना फोन करून विचारलं, हा आकडा तुम्ही स्वतः मोजला का. त्या म्हणाल्या, "मोजला. पण आता मला सगळे का रागावून राह्यलेत, सर? लिहा म्हणले तसं लिहिलं." साहेब तोवर त्यांच्यावर ओरडून झाले होते. मेव्हण्याला ओरडता येत नाही, त्याचं कुठंतरी निघतंच.

तो लॉट गुरुवारी दोनच घरी गेला होता, म्हणून एमआयडीसीतून दोन टेंपो निघाले. पहिला अर्थातच साहेबांच्या मेव्हण्यांकडं. दुसऱ्यात दाजींच्या पिशव्या, आणि पुढं जागा नसल्यामुळं पिशव्यांवर मी. पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीच्या सावलीत झोपला होता. दाजींनी नव्या पिशवीचं लेबल उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि पिशवी फोडली. अंधार पडायच्या आत पेरणी संपली. बहिणीनं जेवायला वाढलं, पण भाकरी दुसऱ्यांदा विचारली नाही.

ऑफिसात दुसऱ्या दिवशी साहेबांनी जाहीर केलं की लेबलची छपाई फिकट आल्यामुळं एक लॉट थांबवला आहे. मला बोलावून म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मंग त्या टेस्टा काढून टाका. उगं मशीनवर ओझं." मी हो म्हणालो आणि त्या 'लग्नपत्रिका' नावाच्या फोल्डरमध्ये हलवल्या. रोज सकाळी तिथं चालतात. आमच्याकडं लग्नपत्रिका कुणीच शेवटपर्यंत वाचत नाही.

आठवड्यानं दाजींचा फोन आला. "उगवलं," ते म्हणाले. "ओळी अशा भरल्यात की मधी एक दाणा हुकलेला दिसत न्हाई." मी खुर्चीत जरा मागं टेकलो. छातीवरचं ओझं असं उतरलं की क्षणभर दाजींबद्दल प्रेम वाटलं.

"एक सांगायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "हरभऱ्याच्या टायमाला ध्यान ठेवा. डीलरच्या आधी आपल्या पिशव्या निघाल्या पाहिजेत. पहिला माल."

मी म्हणालो, "दाजी, यंदा डीलरच्या नंतर घ्या. दहा जणांच्या हातून पारखून झालेला माल बरा."

ते म्हणाले, "कळलं. पाव्हणं आता मोठे झाले," आणि फोन ठेवला. बहीण सांगते, गावात ते म्हणतात की मेव्हण्याचं कंपनीत पहिल्यासारखं चालत नाही आता.