एका हाताचा एडिटर

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे काडी म्हणत. एक तर अंगाने ती तशीच होती, आणि मोडक्या चष्म्यांच्या काड्या बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिच्याशी गोड बोला. चष्मा सरळ करते, पण बिनसलं तर माणसालाही सरळ करते."

घरी ती, तिचे बाबा आणि धाकटी बहीण. धाकटीचा उजवा हात लहानपणच्या आजारात लुळा पडला होता. बटणं लावण्यापासून भाजी चिरण्यापर्यंत सगळं ती डाव्यानेच करी, आणि राहिलेली कसर जिभेने भरून काढी. तिला एका गेमचं वेड होतं. कंदील घेऊन गुहेतून वाट काढायची, एवढंच त्यात. गेमसोबत कंपनीने एक एडिटरही दिला होता, म्हणजे ज्याला हौस असेल त्याने आपल्या मनासारखी गुहा रचावी, आपली लेव्हल तयार करावी.

धाकटीला हौस होती. पण त्या एडिटरमध्ये एक दगड ठेवायचा तर एका हाताने कीबोर्डवरची कळ दाबून धरावी लागे आणि दुसऱ्याने माउस ओढावा लागे. एका संध्याकाळी काडी दुकानातून आली तर धाकटी हनुवटीने कळ दाबत होती. पडद्यावरची गुहा पार वेडीवाकडी झाली होती. काडीला हसू फुटलं. धाकटी हसली नाही.

धाकटीने कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं, ते तिने जेवताना मोठ्याने वाचलं. "अशी गरज असलेले लोक फार थोडे आहेत, त्यामुळे सध्या बदल शक्य नाही." मग मोबाइल उपडा ठेवून म्हणाली, "थोडे म्हणजे मी."

काडीने हातातला घास ताटात ठेवला. कॉम्प्युटरचं शिक्षण तिने अर्ध्यावर सोडलं होतं, पण प्रोग्राम लिहिण्याची खाज गेली नव्हती. ती म्हणाली, "बघतेच मी. दगडच ठेवायचाय ना? डोंगर तर उचलायचा नाही."

बोलणं सोपं होतं. कंपनीच्या गेममध्ये गुहेची फाइल कशी बनते हे कोणी सांगायला तयार नव्हतं. मग ती गुहेत एक दगड ठेवी, फाइल उघडून काय बदललं ते पाही, दगड एक घर सरकवी, पुन्हा पाही. हळूहळू सगळी गुहा तिला उमगली. मग तिने स्वतःचा एडिटर लिहिला. दिसायला अगदी ओबडधोबड, पण सगळं काम कळांवर, आणि कोणतीही कळ दाबून धरायची गरज नाही. तिने तो काडी याच नावाने इंटरनेटवर उघड्यावर ठेवला, कोडसकट. घ्या, वापरा, बदला. फक्त तुमचे बदलही असेच उघडे ठेवा, एवढीच अट.

लोक आले. कोणी चुका दाखवल्या, कोणी दुरुस्त केल्या. त्यात कासव नावाने लिहिणारा एकजण होता. नाव कासव, पण काम वाऱ्यासारखं. त्याने एडिटरचं रूप पालटलं, नकाशा आणला, रंग आणले. काडीने त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी भावासारखा जीव लावला.

आणि मग त्यानेच लिहिलं, "नवी आवृत्ती माउसवर करू. एका हाताच्या सोयीमुळे प्रत्येक काम दुप्पट होतं. ती नंतर घालू."

"नंतर म्हणजे कधी?" काडीने विचारलं.

"जमेल तेव्हा."

"म्हणजे कधीच नाही. ती सोय काढायची तर एडिटर कशाला केला मी?"

"हट्ट सोड, काडी. बहुतेकांचं मत माझ्या बाजूने आहे."

"मत असू दे. मी सोडणार नाही."

कासवाने सगळा कोड उचलला, आपला वेगळा एडिटर उभा केला, आणि बहुतेक मंडळी त्याच्यामागे गेली. काडीनेच दिलेली मुभा होती. तक्रार कुठे करणार? दुकानात त्या दिवशी तिने एका आजोबांच्या चष्म्याला उलटी काडी लावली.

घरी येऊन ती तावातावाने उत्तर लिहायला बसली. माझ्या बहिणीसारख्या माणसांवर हा अन्याय आहे, वगैरे. धाकटीने खांद्यावरून वाचलं.

"ताई, खोड ते."

"का? खोटं आहे?"

"खरं आहे. पण मला पुढे करून भांडू नकोस. मी काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे? माझं मी बोलेन. तू तुझं काम कर."

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "दोघी माझ्यावर गेल्यात." दोघींनी एकदमच "नाही!" म्हटलं.

काडीने काम केलं. कासवाचा कोडही अटीप्रमाणे उघडाच होता. तो जे जे नवं आणी, ते ती वाचे, समजून घेई आणि कळांवर आणून आपल्या एडिटरमध्ये बसवी. मोठा नकाशा आला, नवे रंग आले, पाण्याचे झरेही आले.

कासव चिडला. "आम्ही राबायचं आणि तू आयतं घ्यायचं?"

"तू माझं घेतलंस तेव्हा मी हिशोब मागितला? उलट माझ्या कळा तूही घे. दार उघडंच आहे."

त्याने घेतल्या नाहीत. पण धाकटीने आपल्या डाव्या हाताचा व्हिडिओ करून गुहेसकट इंटरनेटवर टाकला: गुहा रचणारी बोटं आणि मागून तिचा आवाज. शेवटी ती म्हणाली, "मी थोड्यांपैकी आहे. ही आमची गुहा. निघून दाखवा बाहेर."

गुहा महाअवघड निघाली. लोक अडकले, कुरकुरले, पुन्हा शिरले. अजूनही कासवाचा एडिटर वापरणारे जास्त आहेत. पण काडीकडे आता वेगळीच माणसं येतात. एकाचे हात थरथरतात, एकीच्या बोटांत संधिवात आहे, एकजण नुसताच आळशी आहे आणि तसं उघड सांगतो. सगळ्यांना कळा हव्यात, आणि प्रत्येकाला वेगळ्या. काडी कुरकुरत का होईना, सगळ्यांच्या बसवते.

परवा धाकटीने नवी मागणी केली. "पुसायची कळ इकडे घे. अंगठा दुखतो."

"मागच्या आठवड्यात तूच तिकडे मागितली होतीस."

"तेव्हा दुखत नव्हता. मग? करतेस की मीच शिकू प्रोग्राम लिहायला?"

"शीक," काडी म्हणाली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.